गाडी बदलताना फलाट कुठे चुकतो? सातारा-सांगलीहून निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

आपल्याकडून बाहेरगावी निघालेला माणूस घरूनच फोन करून विचारतो, "पुण्यात पुढची गाडी कितव्या फलाटावर लागते?" कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "पाचवर." तो पाच आकडा कागदावर उतरतो आणि पुण्यात उतरल्यावर माणूस थेट पाचवर जाऊन बसतो. गाडी त्या दिवशी दोनवर लागलेली असते. सामान, म्हातारी माणसं, जिना, धावपळ, आणि कित्येकदा गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते.

फलाटाचा आकडा सगळ्यांत शेवटी बघायचा असतो. तो त्या दिवशी, त्या वेळेला, त्या स्टेशनवर ठरतो. आधी पक्क्या करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्या ज्या क्रमाने करायच्या, त्याच क्रमाने खाली दिल्या आहेत. क्रम मोडला की चुका सुरू होतात.

## टप्पा १: गाडीचा नंबर आणि स्टेशनचा कोड लिहून घ्या

घरी बसून कागदावर दोन गोष्टी उतरवा: गाडीचा पाच आकडी नंबर, आणि चढायच्या-उतरायच्या स्टेशनचा कोड. गाडीच्या नावावर विसंबू नका.

जाणारी आणि येणारी गाडी एकाच नावाची असते, नंबर मात्र एकाने पुढे-मागे असतो. कोल्हापूरहून मुंबईला जाणारी महालक्ष्मी १७४१२, मुंबईहून येणारी १७४११. कोयना जाताना ११०३०, येताना ११०२९. मोबाईलवर नुसतं "महालक्ष्मी" टाकून गाडी शोधली की पुष्कळदा उलट्या दिशेची गाडी उघडते, आणि माणूस तिचाच फलाट व तिचाच उशीर बघत बसतो. नंबर शून्याने सुरू होत असेल तर ती विशेष गाडी आहे. तिची वेळ, थांबे आणि फलाट नेहमीच्या गाडीसारखे असतील असं धरू नका.

स्टेशनच्या फलकावर आणि उद्घोषणेत गाडी तिच्या शेवटच्या स्टेशनच्या नावाने येते, तुमच्या गावाच्या नावाने नाही. मिरजेत पंढरपूरला जायला उभ्या असलेल्या माणसाला फलकावर "पंढरपूर" शब्द कदाचित दिसणारच नाही. कोल्हापूर-नागपूर एक्स्प्रेस मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडीवरून जाते. तिकडे महाराष्ट्र एक्स्प्रेस, ११०३९, कोल्हापूरहून गोंदियाला जाते. तीही नागपूरला पोचते, पण मिरजेहून सांगली, सातारा, पुणे, मनमाड असा दुसराच रस्ता धरून. "नागपूरची गाडी ना ही?" एवढंच विचारून चढलात तर पंढरपूरला जाणारा माणूस कराडला पोचायचा.

कोडचं महत्त्व त्याहून जास्त. सातारा एसटीआर, सांगली एसएलआय, मिरज एमआरजे, हे आपले. पण दादरला दोन कोड आहेत: मध्य रेल्वेचं दादर डीआर, पश्चिम रेल्वेचं डीडीआर. दौंडही दोन ठिकाणी आहे. दौंड जंक्शनचा कोड डीडी. पुण्याहून मनमाडच्या बाजूला जाणाऱ्या काही गाड्या आता जंक्शनमध्ये न शिरता परस्पर वळतात आणि दौंड कॉर्ड लाईन, म्हणजे डीडीसीसी या वेगळ्या स्टेशनवर थांबतात. एका गाडीने दौंड जंक्शनला उतरून दुसरी पकडायची असेल आणि दुसरीच्या तिकिटावर डीडीसीसी असेल, तर मध्ये पुलाने नाही, रिक्षाने जावं लागतं. तिकीट काढतानाच हे दिसतं, पण कोडकडे लक्ष द्यायची सवय नसल्यामुळे नजरेतून सुटतं.

तपासा: पहिल्या गाडीचं उतरायचं स्टेशन आणि दुसऱ्या गाडीचं चढायचं स्टेशन यांचे कोड शेजारी-शेजारी लिहा. अक्षर न् अक्षर सारखं आहे का? नसेल तर पुढचा टप्पा नीट वाचा.

## टप्पा २: गाडी बदलायचं स्टेशन डोकं लावून निवडा

बहुतेकांची गडबड इथे होते. "मुंबईहून गाडी आहे" म्हटलं की माणूस थेट मुंबई गाठतो. पण मुंबई म्हणजे एक स्टेशन नव्हे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी), दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस ही सगळी वेगळी स्टेशनं आहेत, आणि त्यांच्यामध्ये लोकलचा किंवा टॅक्सीचा प्रवास आहे.

उत्तरेकडे, म्हणजे नाशिक, भुसावळ, जबलपूर, वाराणसीकडे जाणारी गाडी लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटत असेल तर आधी तिचे थांबे बघा. त्यांपैकी बऱ्याच गाड्या ठाणे किंवा कल्याणला थांबतात. आपली पुण्याहून येणारी गाडीही कल्याणवरूनच जाते, कारण पुण्याची आणि नाशिकची वाट तिथेच एकत्र येते. मग कल्याणला उतरून कल्याणहूनच चढणं शहाणपणाचं. कुर्ल्यापर्यंत जाऊन, तिथून सामान ओढत टर्मिनस शोधून, तीच गाडी पकडून पुन्हा कल्याणवरूनच परत यायचं, हा उलटा फेरा कशाला?

कुर्ला स्टेशन आणि लोकमान्य टिळक टर्मिनस ही एक जागा नाही, हेही इथेच सांगतो. लोक अजून त्याला "कुर्ला टर्मिनस" म्हणतात आणि कुर्ल्याला लोकलमधून उतरून गाडी शोधत बसतात. टर्मिनसला जवळचं लोकल स्टेशन हार्बर मार्गावरचं टिळकनगर. वांद्र्याचंही तसंच आहे. वांद्रे लोकल स्टेशन आणि वांद्रे टर्मिनस वेगळे, आणि टर्मिनसला जायला खार रोड स्टेशनहून पूल आहे.

पुण्यातही आता बघावं लागतं. हैदराबादला जाणारी एक गाडी पुणे स्टेशनऐवजी हडपसरहून सुटते. हडपसर दौंडच्या मार्गावर आहे. आपली सातारा-सांगलीची गाडी घोरपडीवरून थेट पुण्यात जाते, हडपसरला जातच नाही. तिकिटावर हडपसर असेल तर पुण्यात उतरून रस्त्याने मागे यावं लागेल. त्याचा वेळ आणि रिक्षाचं भाडं आधीच धरा.

मिरज मात्र आपल्यासाठी सगळ्यांत सोयीचं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारही वाटा एकाच स्टेशनात येतात. साताऱ्याहून पंढरपूरला किंवा बेळगावला रेल्वेने जायचं असेल तर मिरजेतच बदला.

सांगलीकरांसाठी एक वेगळी सूचना. काही गाड्या सांगलीला न थांबता मिरजेलाच थांबतात, म्हणून लोक सरसकट मिरजेहून तिकीट काढतात. गाडी सांगलीला थांबणारी असली की मग आयत्या वेळी "सांगलीलाच चढू" असं ठरतं. तसं करू नका. मिरजेला तुम्ही जागेवर दिसला नाहीत तर तपासनीस तुम्हाला गैरहजर धरू शकतो आणि जागा दुसऱ्याला जाऊ शकते. सांगलीहून चढायचं असेल तर तिकिटावर चढण्याचं स्टेशन बदलून घ्या, आणि ते आदल्या दिवशीच उरकून टाका.

इशारा: उलटंही चालत नाही. पुण्याकडे जाताना सांगलीपासूनचं तिकीट घेऊन मिरजेला चढलात, तर मिरज-सांगली हा तुकडा विनातिकीट प्रवासच होतो.

## टप्पा ३: मध्ये किती वेळ ठेवायचा

नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून माझं मत सांगतो. त्याच स्टेशनवर गाडी बदलायची असेल तर मिरजेत किमान एक तास, पुण्यात आणि कल्याणला दोन तास. मुंबईत एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जायचं असेल तर तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका, आणि सकाळी ऑफिसच्या गर्दीत लोकलने सामान घेऊन जायचं असेल तर चार. ज्यांच्यासोबत पेशंट आहे किंवा गुडघे दुखणारी आई आहे, त्यांनी यात आणखी एक तास घालावा. हा वेळ वाया जात नाही. पुढच्या टप्प्यांत जी तपासणी सांगितली आहे ती त्याच वेळात होते.

तारखेची चूक इथेच होते. कोल्हापूरहून रात्री सुटणारी गाडी साताऱ्यात मध्यरात्रीच्या पुढे-मागे येते. रात्री १२ वाजून गेल्यावर तुम्ही चढणार असाल तर तुमच्या तिकिटाची तारीख दुसऱ्या दिवसाची हवी. "शनिवारी रात्रीची गाडी" असं तोंडी ठरतं, शनिवारचं तिकीट निघतं, आणि ती गाडी प्रत्यक्षात आदल्या रात्री, शुक्रवार संपता संपता निघून गेलेली असते. वेळ २४ तासांच्या घड्याळात वाचा: ००:२० म्हणजे दिवस सुरू झाल्यावरची पहिली वीस मिनिटं.

दोन्ही तिकिटं आरक्षित असतील तर ती एकमेकांना जोडून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. दुसरं तिकीट काढताना पहिल्या तिकिटाचा पीएनआर देऊन दोन्ही जोडता येतात. प्रवाशांची नावं दोन्हीकडे सारखी हवीत. पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द करण्याचं शुल्क न कापता मिळण्याची वाट यामुळे उघडते. हे न जोडता दोन सुटी तिकिटं काढली, तर पहिल्या गाडीचा उशीर हे दुसऱ्या तिकिटासाठी कारण धरलं जात नाही.

तपासा: दोन्ही तिकिटं समोर ठेवा. नावाचं स्पेलिंग, तारीख, कोड आणि चढण्याचं स्टेशन या चारच गोष्टी बोट ठेवून वाचा.

## टप्पा ४: सोबत द्यायचा कागद

घरातलं वडीलधारं माणूस एकटं जाणार असेल तर मोबाईलवर भरवसा ठेवू नका. एक कागद लिहून खिशात द्या. आपल्याकडून परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा केईएमला जाणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी तो असा:

"१७४१२ महालक्ष्मी. सांगली (एसएलआय) ते दादर (डीआर). उतरायचं दादरला, शेवटच्या स्टेशनला नाही. दादरला लोकलचं वेगळं तिकीट. मध्य रेल्वेची धीमी लोकल, सीएसएमटीकडे जाणारी. पुढचंच स्टेशन परळ. फलाट: ______ (तिथे बघून लिहायचा)."

शेवटची जागा मुद्दाम कोरी ठेवा. आकडा लिहिलेला असला की माणूस फलक बघत नाही. रिकामी जागा दिसली की विचारतो.

"धीमी" हा शब्द कागदावर हवाच. जलद लोकल परळला थांबत नाही. दादरला घाईत जलद गाडीत चढलेला पेशंट भायखळ्याला किंवा थेट सीएसएमटीला जाऊन पडतो.

## टप्पा ५: निघताना, आपल्याच स्टेशनवर

साताऱ्याचं स्टेशन गावात नाही, माहुलीकडे आहे. कऱ्हाडचं ओगलेवाडीत. गावातून निघण्याचा वेळ धरताना हे बाहेरून आलेले पाहुणे हमखास विसरतात.

पण मोठी चूक इथल्याच लोकांची होते. वर्षानुवर्षं "आपल्याकडे गाडी एक नंबरवरच येते" या सवयीने माणसं शेवटच्या पाच मिनिटांत पोचतात. पुणे-मिरज मार्गाचं दुहेरीकरण झाल्यापासून ही सवय धोक्याची आहे. एकेरी मार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच रुळाने येत-जात. दुहेरी मार्गावर जाणारी एका रुळाने, येणारी दुसऱ्या. म्हणजे पुण्याकडे जाताना आणि मिरजेकडे जाताना तुमचा फलाट वेगळा असू शकतो आणि मध्ये पूल चढावा लागू शकतो. स्टेशनात शिरल्यावर आधी फलक बघा, मग चहा.

फलाटांचे आकडे साधारणपणे मुख्य इमारतीपासून मोजले जातात. इमारतीला लागून एक, मग पुढे दोन, तीन. दोन आणि तीन बहुतेक एकाच चौथऱ्याच्या दोन कडा असतात. त्यामुळे तिथे उभं राहून उजवीकडची गाडी आपली की डावीकडची, हे वरच्या आकड्याच्या पाटीवरचा बाण बघून ठरवा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी गाडी उभी असते तेव्हा चुकीच्या गाडीत चढणं किती सोपं आहे, हे मिरजेच्या फलाटावर कुणालाही दिसेल. गाडीत चढण्याआधी डब्याच्या अंगावरची पाटी आणि नंबर वाचा. शेजारच्या माणसाला "ही पुण्याची ना?" असं विचारू नका. "ही कुठली?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस नुसती मान हलवतो, दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

आकड्याला अक्षर जोडलेलं असेल, जसं कल्याणचा १ए किंवा ठाण्याचा १०ए, तर तो वेगळा फलाट आहे. १ आणि १ए एक समजून उभे राहू नका. ठाण्याला उतरून वाशी, नेरूळ, पनवेलकडे जाणाऱ्यांना ९, १० आणि १०ए हे ट्रान्स-हार्बरचे फलाट लागतात, म्हणजे अक्षराची गाठ पडणारच.

## टप्पा ६: पुण्यात गाडी "उलटी" निघते तेव्हा

महाराष्ट्र एक्स्प्रेसने मनमाड-नागपूरकडे किंवा गोवा एक्स्प्रेसने दिल्लीकडे जाणाऱ्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा.

आपला मार्ग पुण्याला पूर्वेकडून, घोरपडीहून येऊन मिळतो. दौंडकडचा मार्गही पुण्याच्या पूर्वेलाच निघतो. म्हणून साताऱ्याहून आलेली आणि दौंडकडे जाणारी गाडी पुण्यात आली की इंजिन पुढून निघतं आणि दुसऱ्या टोकाला लागतं. गाडी ज्या बाजूने आली त्याच बाजूने बाहेर पडते. साताऱ्यात इंजिनाला लागून असलेला डबा पुण्यापासून सगळ्यांत मागे जातो. मुंबईकडे जाणाऱ्या महालक्ष्मी किंवा कोयनेला हे होत नाही, त्या सरळ पुढे जातात.

यातून तीन घोटाळे होतात. एक, आत बसलेल्या माणसाला वाटतं गाडी परत साताऱ्याला निघाली, आणि तो घाबरून उतरतो. उतरू नका, तिकडेच जायचं आहे. दोन, पुण्यात चढणारा माणूस मोबाईलवर सुरुवातीच्या स्टेशनचा डब्यांचा क्रम बघतो, इंजिनापासून मोजतो आणि फलाटाच्या नेमक्या उलट्या टोकाला जाऊन उभा राहतो. पुण्यातला क्रम पुण्याच्या फलाटावरच्या डबा-दर्शकावर बघा. तीन, आतला माणूस पाणी आणायला उतरतो, परत येताना "इंजिनापासून चौथा" असं मोजतो आणि दुसऱ्याच डब्यात शिरतो. डबा मोजून ठेवू नका, त्याचा क्रमांक लक्षात ठेवा, एस ४ किंवा बी २.

पुणे स्टेशनला दोन बाजूंनी आत येता येतं. मुख्य इमारत फलाट एकच्या बाजूला, दुसरं प्रवेशद्वार राजा बहादूर मिलच्या बाजूला. कुणाला न्यायला-सोडायला येणाऱ्याला "स्टेशनच्या बाहेर थांब" एवढंच सांगू नका. कुठल्या बाजूला ते सांगा, नाहीतर दोघंही बरोबर जागी उभे असतात आणि भेट होत नाही.

पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्यांनी पुण्यातून लोणावळा लोकल धरावी. तिचं तिकीट वेगळं, आणि फलाट दर वेळी फलकावर बघूनच.

## टप्पा ७: उतरल्यावर लगेच

उतरलात की चालू लागू नका. सामान मोजा, खांबाला टेकून उभे राहा आणि या क्रमाने करा:

१. पुढच्या गाडीचा नंबर मोबाईलवर टाका. रेल्वेचं एनटीईएस ॲप किंवा १३९ हा क्रमांक गाडी कुठे आहे ते सांगतो. ॲपवर दिसणारा फलाट हा अंदाज आहे.

२. फलाटावरचा किंवा मुख्य दालनातला फलक बघा आणि नंबर जुळवा.

३. पूल चढण्याआधी पुलाच्या पायथ्याशी लिहिलेलं वाचा. मोठ्या स्टेशनांवर प्रत्येक पूल प्रत्येक फलाटावर उतरतोच असं नाही. चढून, चालून, मग "इथे जिना नाही" असं कळलं की तोच जिना परत उतरावा लागतो.

४. सरकता जिना आणि लिफ्ट कुठल्या पुलाला आहे ते हमालाला विचारा. त्याच्याइतकं स्टेशन कुणाला ठाऊक नसतं.

५. फलाटावर पोचल्यावर उद्घोषणा पुन्हा एकदा ऐका, आणि ऐकताना कान नंबराकडे ठेवा.

इशारा: व्हीलचेअर हवी असेल तर उतरल्यावर शोधत बसू नका. गाडी पोचण्याआधीच १३९ वर सांगा किंवा गाडीतल्या तपासनीसाला विनंती करा.

## टप्पा ८: दादर आणि सीएसएमटी

दादरबद्दल जुने जाणते जे सांगतात ते आता चुकीचं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पूर्वी दादरला प्रत्येक आकडा दोनदा होता. पश्चिम रेल्वेचा एक नंबर आणि मध्य रेल्वेचा एक नंबर, दोन्ही "दादर फलाट एक". ९ डिसेंबर २०२३ पासून हे बदललं. पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ पासून १४ पर्यंत झाले. पश्चिमेकडून, म्हणजे फुलबाजाराच्या बाजूने, पूर्वेकडे जाताना आकडा वाढत जातो. एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुलावर दिशा चुकत नाही. आकडा सातपर्यंत असेल तर पश्चिम रेल्वे: चर्चगेट, अंधेरी, बोरिवली, विरार. आठ किंवा त्याच्या पुढे असेल तर मध्य रेल्वे: सीएसएमटी, ठाणे, कल्याण आणि आपली गाडी.

म्हणून कुणी मामा-काकांनी सांगितलं की "दादरला सहा नंबरवर आपली गाडी लागते", तर ते जुनं दादर आहे. आजच्या सहा नंबरवर उभे राहिलात तर तुमच्यासमोरून पश्चिम रेल्वेच्या गाड्या जातील आणि आपली गाडी पलीकडून निघून जाईल. जुना आकडा मनात नव्याशी जुळवायच्या भानगडीतही पडू नका. नुसते सात मिळवून भागत नाही, कारण नव्या क्रमाच्या आधीच मध्य रेल्वेचा जुना दोन नंबर बंद करून एक नंबर रुंद केला होता. जुना तीन हा नऊ झाला. आकडा फलकावर वाचा, एवढंच.

दादरला पूल अनेक आहेत आणि मधल्या पुलावर सकाळी पाय ठेवायला जागा नसते. गाडीतून उतरल्यावर पहिला दिसेल त्या पुलावर सगळ्यांबरोबर चढू नका. गर्दी ओसरू द्या. दहा मिनिटांनी तोच पूल मोकळा मिळतो, आणि तुम्ही मध्ये वेळ ठेवला आहे तो यासाठीच.

लोकलच्या दर्शकावर तीन गोष्टी वाचायच्या: गाडी कुठे जाणार, जलद की धीमी, आणि डबे बारा की पंधरा. तिसरी गोष्ट लोक सोडून देतात. पंधरा डब्यांची समजून टोकाला उभे राहिलात आणि बारा डब्यांची आली, तर सामान घेऊन पळावं लागतं.

सीएसएमटीची रचना वेगळी. तिथे रूळ संपतात. १ ते ७ लोकलचे आणि ८ ते १८ बाहेरगावच्या गाड्यांचे. सगळे फलाट एका टोकाला एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे पूल चढायचं कारण नाही. गाडीतून उतरून इंजिनाच्या पुढे चालत गेलात की मोकळी जागा लागते, तिथून हव्या त्या आकड्याकडे वळा. पण मागच्या डब्यात असाल तर हे चालणं बरंच लांब होतं. सामान जड असेल तर हमाल फलाटावरच ठरवा. मोठे आकडे, म्हणजे अठराच्या बाजूचे, पी. डिमेलो रोडकडे आहेत. न्यायला येणाऱ्याला ती बाजू आधी कळवा.

बेळगावमार्गे हुबळीला जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिथला फलाट क्रमांक आठ सुमारे दीड किलोमीटर लांब आहे. आकडा बरोबर असूनही माणूस गाडीपासून लांब राहू शकतो. तिथे फलाटाबरोबर डब्याची जागाही विचारून घ्या.

## टप्पा ९: ऐनवेळी फलाट बदलला, किंवा गाडी चुकलीच

फलाट बदलल्याची घोषणा झाली की सगळा लोंढा एकदम जिन्याकडे धावतो. त्या लोंढ्यात शिरू नका. बदललेल्या फलाटावरही गाडी यायला आणि थांबायला वेळ लागतो, आणि फलाट आयत्या वेळी बदलला आहे हे गार्डालाही ठाऊक असतं. दोघं असाल तर एकाने हलकं सामान घेऊन पुढे जाऊन डबा शोधावा, दुसऱ्याने म्हाताऱ्या माणसासोबत सावकाश यावं. रूळ ओलांडू नका, समोरचा फलाट कितीही जवळ दिसला तरी. तो कायद्याने गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की दुसऱ्या रुळावरची गाडी उभ्या गाडीच्या आडून येते आणि दिसत नाही.

आपला डबा सापडत नसेल आणि गाडी सुटायला आली असेल तर समोरच्या डब्यात चढा. बहुतेक गाड्या आतून जोडलेल्या असतात, चालत आपल्या जागेवर जाता येतं. जनरल डब्यातून मात्र आत जायला वाट नसू शकते, त्यामुळे त्यात चढलात तर पुढच्या थांब्यावर उतरून बदला. तपासनीस भेटला की लगेच सांगा की तुम्ही गाडीत आहात, म्हणजे जागा दुसऱ्याला जाणार नाही.

गाडी चुकलीच, तर त्याच जागी घड्याळ बघा. पहिली गाडी प्रत्यक्षात किती वाजता पोचली ते लिहून घ्या. तिकिटं जोडलेली असतील तर त्या वेळेपासून तीन तासांच्या आत टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरायचा असतो. खिडकीवरून काढलेलं तिकीट असेल तर त्याच वेळेत खिडकीवर परत द्यायचं. लोक आधी पुढच्या बसची चौकशी करतात, स्वारगेट गाठतात, घरी पोचतात, आणि दुसऱ्या दिवशी पैशांची आठवण होते. तोवर मुदत गेलेली असते. म्हणून आधी टीडीआर, मग एसटीची चौकशी.